आधी सांधा बघ

बाळ, दोन धातूंची नाणी जमवायची ठरवली आहेस, तर माझं पहिलं सांगणं हे, की नाणं हातात आलं की छापा-काटा नंतर. आधी सांधा बघायचा. बाहेरचं कडं आणि आतला गाभा जिथे भेटतात, त्या गोल रेघेवर अशा नाण्याचा सगळा जीव असतो. खरं-खोटं तिथे कळतं, जपणूक तिथेच चुकते आणि फसवणूकही तिथेच होते.

सांधा समजायला तो कसा बनतो हे माहीत हवं. टांकसाळीत कड्याच्या आणि गाभ्याच्या चकत्या वेगवेगळ्या कापतात. पुष्कळ देशांत गाभ्याच्या कडेला बारीक खाच पाडलेली असते. गाभा कड्यात ठेवायचा आणि दोन्हींवर एकदमच ठसा मारायचा. त्या दाबाने धातू पसरतो, कड्याचा धातू खाचेत शिरतो आणि पकड बसते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात आणि ती थंड होताना आवळते, तसंच हे. इथे आचेचं काम दाब करतो. कड्यावरची अक्षरं आणि गाभ्यावरचं चित्र एकाच घावात उमटतं, एवढं पक्कं लक्षात ठेव. पुढचे निम्मे कानमंत्र त्यातूनच निघतात.

उदाहरणार्थ, बाजारात कोणी तुला दहाचं नाणं दाखवेल. त्यावरचा अशोकस्तंभ कड्यावरच्या अक्षरांच्या मानाने तिरका असेल आणि माणूस म्हणेल, ‘टांकसाळीची चूक आहे, लाखात एक.’ एक घाव दोन्हींवर पडत असेल, तर एका बाजूचा गाभा तेवढा तिरका उमटेल कसा? कोणीतरी गाभा ठोकून बाहेर काढलाय आणि फिरवून परत बसवलाय. अशा नाण्याच्या सांध्यावर ओरखडे असतात, कड्याची आतली धार दबलेली असते. भिंग लावून बघ. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं, आणि या छंदात पहिला खर्च करायचा तो त्याच्यावर. नुसतं रिकामं कडं ‘गाभा नसलेलं दुर्मीळ नाणं’ म्हणून विकतात, तेही बहुतेक मोडलेलंच असतं. खऱ्या चुका वेगळ्या दिसतात. गाभा एका बाजूला सरकलेला असतो, पण चित्र मात्र सांधा ओलांडून अखंड गेलेलं असतं, कारण धातू आधी सरकला आणि ठसा नंतर पडला. चित्र सांध्यापाशी तुटलं असेल तर हात आखडता घे.

दोन धातूंचं नाणं जगात रुळलं ते इटलीच्या ५०० लिरांच्या नाण्यामुळे. साल १९८२. बाहेर पोलादाचं पांढरं कडं, आत पिवळा गाभा. बनावट नाणं पाडणाऱ्याला दोन धातू, दोन चकत्या आणि ती पकड हे सगळं जमवावं लागतं, म्हणून ही युक्ती सरकारांना आवडली. मग फ्रान्सने १९८८ मध्ये दहा फ्रँकचं काढलं, त्याच सुमाराला थायलंडने दहा बाथचं. कॅनडाचं दोन डॉलरचं १९९६ मध्ये आलं. त्याच्या सुरुवातीच्या काही नाण्यांचे गाभे निसटले आणि लोक मुद्दाम ती गोठवून, आपटून बघायला लागले. तू तसलं काही करू नकोस. आपल्याकडे चलनातलं नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं हा २०११ च्या नाणे कायद्याखाली गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी संग्राहकाचा हात नाणं मोडायला उठू नये.

आता घरचं. भारताच्या दहा रुपयांच्या द्विधातू नाण्यापासूनच सुरुवात कर, परदेशी नाण्यांच्या मागे लगेच लागू नकोस. सगळ्यात पहिल्यावर साल २००५ आहे, पण लोकांच्या हातात ते २००९ मध्ये आलं. त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या रेघा आणि चार ठिपके आहेत. विविधतेत एकता हा त्याचा विषय. पुढचं पंधरा किरणांचं. २०११ पासून रुपयाचं नवं चिन्ह आलं आणि किरण दहा झाले. याच दहा आणि पंधरा किरणांवरून अफवा उठली, की एक खरं आणि दुसरं खोटं. दुकानदार नाणी घेईनात. शेवटी रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं, की दहाची नाणी चौदा प्रकारच्या रचनांमध्ये काढलेली आहेत आणि सगळी चालतात. कोणी नाकारलेलं नाणं तू आनंदाने घे. भाजीवाली, एसटीचा कंडक्टर, देवळाजवळचा फुलवाला यांना सुट्टे हवे असतात. नोट देऊन चिल्लर मागितलीस तर दोघांचंही काम होतं. त्या चौदांत होमी भाभांच्या जन्मशताब्दीचं आहे, रिझर्व्ह बँकेच्या पंचाहत्तरीचं आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १२५ व्या जयंतीचं आहे. ही सगळी हातोहात फिरताना मिळण्यासारखी आहेत, फक्त थोडा धीर लागतो.

प्रत्येकाच्या सालाजवळचं टांकसाळीचं चिन्ह बघायला विसरू नकोस. पत्त्यांतल्या चौकटसारखा छोटा आकार म्हणजे आपली मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. झिजलेल्या नाण्यावर मुंबई आणि नोएडा सहज एकमेकांसारखे दिसतात. तिरक्या उजेडात धरून कोपरे शोध, घाई करू नकोस. साल आणि टांकसाळ अशा जोड्या लावायला लागलीस की एका दहाच्या नाण्यातच वर्षानुवर्षांचं काम मिळतं. ज्यांनी पन्नास देशांची एकेक नाणी गोळा केली, त्यांच्यापेक्षा एकाच नाण्याच्या जोड्या पूर्ण करणाऱ्याला जास्त कळतं असं माझं ठाम मत आहे.

वीसचं नाणं २०१९ मध्ये जाहीर झालं आणि त्यावर साल २०२० पासूनचं दिसतं. बारा कडांचं, २७ मिलीमीटर, वजन ८.५४ ग्रॅम. कड्यात तांबं, जस्त आणि निकेल ६५, १५ आणि २० टक्के. गाभ्यात तेच तीन धातू ७५, २० आणि ५ टक्के. धातू तेच, प्रमाण बदललं आणि रंग पांढऱ्यावरून पिवळा झाला! दोन्हीत तांब्याचं राज्य असल्यामुळे या नाण्याला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर शंका घे. दहाचं गोल नाणं ७.७१ ग्रॅमचं. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा आणि एक चुंबक घरात ठेव. परदेशी नाण्यांना मात्र हाच नियम लावू नकोस. इटलीच्या त्या नाण्याचं कडं चुंबकाला धरतं. युरोच्या एक आणि दोनच्या नाण्यांत गाभा तीन थरांचा आणि मधला थर निकेलचा, म्हणून ती किंचित ओढली जातात. थायलंडचं दहा बाथचं नाणं आकाराने आणि वजनाने दोन युरोच्या इतकं जवळ आहे, की परदेशातून येणाऱ्यांच्या सुट्ट्या पैशांत दोन्हींची सरमिसळ होते. लिपी वाच.

जपणुकीबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्या घरात भांडी लख्ख करायची सवय आहे. चिंच, लिंबू, राख, पितळ घासायची पावडर यांतलं काहीही नाण्याला लावायचं नाही. वरचा पातळ थर गेला की तो परत येत नाही आणि जाणकाराला ते लांबून दिसतं. दोन धातूंच्या नाण्यात धोका दुप्पट, कारण ओल सांध्यात शिरते आणि बाहेर यायला मागत नाही. दोन वेगळे धातू चिकटून असले आणि मध्ये खारट ओल राहिली, की विजेचा बारीकसा घट तयार होतो आणि त्यातला एक धातू खाल्ला जातो. सांध्याला धरून हिरवी-काळी रेघ दिसली तर समज, हेच चाललंय. घामातही मीठ असतं, म्हणून नाणं कडेला धरायचं, तोंडावर बोट नको. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक आणि त्या ओल्या झाल्या की बदल. फारच चिकट घाण असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजव, मऊ सुती कापडाने टिपून घे, घासू नकोस, आणि पंख्याखाली रात्रभर सुकू दे. नळाचं पाणी नको.

ठेवायला पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरची पाकिटं घे, २७ मिलीमीटरचं नाणं मावेल अशी. पिना चपट्या दाबून बसव, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा येतो. वास येणारं मऊ प्लॅस्टिक घेऊ नकोस; ते वर्षा-दोन वर्षांत घाम सोडतं आणि नाण्यावर हिरवट चिकटा बसतो. मेक्सिकोची १९९२ पासूनची काही नाणी मिळाली तर त्यांचा गाभा चांदीचा असतो. तो काळवंडला तरी तसाच राहू दे.

पैशाचं बोलतो. वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये देतो असं कोणी फोनवर सांगेल, आधी शुल्क भरा म्हणेल, रिझर्व्ह बँकेचं नावही घेईल. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच सांगितलंय, की अशा व्यवहारांत ती नसते आणि कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही. फोन ठेवून दे. चलनात फिरणारं दहाचं नाणं बहुतेक वेळा दहालाच जातं. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गेलीस तर भाव ऐक, नाणी हाताळून बघ, पण पहिल्या फेरीला काही घेऊ नकोस. आणि मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे, तिथे एक पूर्ण दिवस काढ.

शेवटी वही. साल, टांकसाळ, वजन, चुंबकाला धरतं की नाही, कुठून मिळालं, किती देऊन, आणि सांध्याची अवस्था. सांध्याचा रकाना वेगळा आख. दर दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की सगळी नाणी भिंगाखाली घालून तो रकाना पुन्हा भर.