पावसाच्या मापातून विज्ञानाचा पाठ

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा खेड्यातील मूल शाळेत आणणे हाच मुख्य प्रश्न होता. आज जिल्ह्यातील अनेक वर्गांत दूरचित्रवाणी संच, संगणक आणि प्रक्षेपक आले आहेत. त्यामुळे प्रश्नाचे स्वरूप बदलले आहे. या साधनांच्या साहाय्याने लहान मुले विज्ञान शिकतात, की विज्ञानाची चित्रे पाहतात, याचा विचार शिक्षकांनी व ग्रामपंचायतींनी करणे अगत्याचे आहे.

आधी अनुभव, मग साधन

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर खडू-फळा मोहिमेतून प्राथमिक शाळांना विज्ञानपेट्या मिळाल्या. वस्तू फुटली तर नोंदवहीत तूट दिसेल, या धास्तीने कित्येक ठिकाणी त्या कपाटातच राहिल्या. १९८४ साली पुण्यात स्थापन झालेल्या बालचित्रवाणीने मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम तयार केले. परंतु पडद्यावरचा कार्यक्रम मुलाला त्याच्या गावाविषयी प्रश्न विचारू शकत नाही. ते काम शिक्षकांचेच होय. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने मुलांच्या अनुभवाला व कृतीला शिक्षणात अग्रस्थान दिले. यंत्राच्या साहाय्याने शिकवितानाही हाच क्रम पाळावयास हवा.

पर्जन्यमापकाची कृती

सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली घ्यावी. तिचा वरचा निमुळता भाग कापून तो उलटा करून नरसाळ्याप्रमाणे तोंडात बसवावा. तळाच्या खोलगट भागात पाणी भरून, जेथे बाजू सरळ होतात तेथे शून्याची रेघ आखावी आणि तेथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. बाटली झाडे व भिंती यांपासून दूर, विटांच्या आधाराने ठेवावी. रोज ठराविक वेळी पाणी मोजून पातळी पुन्हा शून्यावर आणावी.

पहिली-दुसरीच्या मुलांना आकडे वाचण्याची घाई करू नये. शून्याच्या रेघेपासून पाण्याच्या उंचीएवढी कागदाची पट्टी त्यांनी कापावी व भिंतीवर चिकटवावी. महिनाअखेर पट्ट्यांच्या रांगेतून आलेख आपोआप तयार होतो. तिसरी ते पाचवीच्या मुलांनी आकडे नोंदवावेत. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे कळल्यावर दहा मिलिमीटर पावसात एका गुंठ्यावर सुमारे एक हजार लिटर पाणी पडते, हा हिशेब ती स्वतः करतात.

यंत्राचे काम

येथपर्यंत विजेची गरज लागत नाही. यंत्राचा खरा उपयोग यानंतर होतो. गगनबावडा व शिरोळ तालुक्यांतील एकेका शाळेने आपल्या नोंदी मोबाइलवरून एकमेकींना कळवाव्यात आणि दोन्ही आलेख पडद्यावर शेजारी मांडावेत. सह्याद्रीच्या माथ्यावरील गगनबावड्याच्या पट्ट्या उंच, तर पूर्वेकडील शिरोळच्या आखूड दिसतील. मग शिक्षकांनी विचारावे : शिरोळात पाऊस बेताचा असूनही तेथील शेतांत पूर का चढतो ?

उत्तर सांगण्यापूर्वी मुलांना तर्क करू द्यावा. त्यानंतर पडद्यावर नकाशा दाखवावा. कुंभी, कासारी, तुळशी व भोगावती यांचे पाणी पंचगंगेत येते, पंचगंगा नरसोबावाडीजवळ कृष्णेला मिळते आणि कृष्णेच्या वरच्या खोऱ्यातील पाणीही तेथे भर घालते, हे तेव्हा ध्यानात येते. २०१९ व २०२१ च्या महापुरांनी या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबांना घर सोडावयास लावले. राजाराम बंधाऱ्यावरील ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी दर पावसाळ्यात घरोघरी ऐकू येते. ज्या मुलाने स्वतः पाणी मोजले आहे, त्याला या आकड्यांचा अर्थ कळतो. उपग्रहाने टिपलेली ढगांची चित्रेही याच क्रमाने दाखवावीत : आधी उद्याच्या पावसाचा अंदाज वहीत लिहावा, मग चित्र पाहावे आणि दुसऱ्या दिवशी बाटलीतील पाण्याशी तो ताडून पाहावा.

पावसाळा सरल्यावर हीच पद्धत सावलीला लावता येते. एक मीटर उंचीच्या उभ्या काठीची सर्वांत आखूड सावली कोल्हापुरात २३ सप्टेंबरच्या सुमारास ३० सेंटिमीटर, तर २२ डिसेंबरच्या सुमारास ८४ सेंटिमीटर भरते. ती बाराच्या ठोक्याला न मिळता साडेबाराच्या आसपास मिळते. मुलांनी ही तफावत मोजल्यानंतरच पृथ्वीच्या कललेल्या अक्षाचे चलच्चित्र दाखवावे.

सर्वांचा वाटा

तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी संचांची संख्या मोजण्याबरोबरच मुलांच्या नोंदवह्या पाहाव्यात. वापरात मोडलेल्या वस्तूबद्दल शिक्षकांना दोष देऊ नये. पंचायत सदस्यांनी संच खरेदी करताना वीजबिल व दुरुस्ती यांचीही तरतूद करावी. तसेच शाळेच्या पावसाच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या फलकावर रोज लिहिण्याची व्यवस्था करावी. मुलांनी मोजलेला आकडा गावाच्या उपयोगी पडतो, हे दिसले म्हणजे तो अचूक मोजण्याची जबाबदारी मुले आपणहून घेतील.