दवाखाना कोठे बांधावा?



आपल्या गावात दवाखाना यावा असे प्रत्येकाला वाटते. पण तो नेमका कोठे यावा, याचा विचार फारसा होत नाही. कोणी सज्जन जमीन दान देतो, किंवा गावाबाहेर गायरानाचा तुकडा मोकळा असतो. तेथेच पाया खणला जातो. इमारत उभी राहते, पाटी लागते. पुढे नर्सबाईंना त्या एकट्या जागी रात्री राहण्याची भीती वाटते, आणि अडलेली बाई पूर्वीसारखीच गाडीची वाट पाहत राहते. म्हणून आज हाच धडा घेऊ.

अंतर कसे मोजावे?

आपला सुरत जिल्हा पाहा. नवी सिव्हिल आणि महापालिकेचे स्मीमेर ही मोठी रुग्णालये शहरात आहेत. ओलपाड, कामरेजच्या लोकांना ती त्यामानाने जवळ. पण पूर्वेकडील मांडवी, मांगरोळ, महुवा व उमरपाडा या तालुक्यांत आदिवासी वस्ती मोठी, पाडे विखुरलेले. उमरपाडा तर शहरापासून सत्तर किलोमीटरहून लांब.

शिवाय किलोमीटर म्हणजे खरे अंतर नव्हे. पावसाळ्यात ओढा भरला की पलीकडचा पाडा तुटतो. १९७२ साली उकाईचे धरण पुरे झाले, तेव्हा हा भाग सुरत जिल्ह्यातच होता. २००७ पासून तो तापी जिल्ह्यात आहे. तेथे नकाशावर समोरासमोर दिसणाऱ्या गावांना जलाशयाला वळसा घालावा लागतो. म्हणून अंतर घड्याळाने मोजावे: आजारी माणूस पावसाळ्यात, रात्रीच्या वेळी, किती तासांत पोहोचेल?

हे तास का महत्त्वाचे? बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव सुरू झाला, तर दोन तासांतही आईचा जीव जाऊ शकतो. शेतात मण्यार किंवा नाग चावला, तर प्रतिविषाचे इंजेक्शन जितके लवकर मिळेल तितके बरे. फवारणीचे विष अंगात भिनले, तरी तेच.

एक सोपे गणित

समजा, एका रस्त्यावर चार वस्त्या आहेत. मोठे गाव २,००० लोकांचे. तेथून ६ किलोमीटरवर पहिला पाडा, लोक ५००. १० किलोमीटरवर दुसरा, लोक ४००. १८ किलोमीटरवर तिसरा, लोक ३००. दवाखाना कोठे घालाल?

प्रत्येक वस्तीच्या लोकसंख्येला तिच्या अंतराने गुणा आणि बेरीज करा. दवाखाना मोठ्या गावात ठेवला, तर बेरीज १२,४०० येते. पहिल्या पाड्यावर ठेवला, तर १७,२००. म्हणजे सर्वांची चाल मिळून मोठे गावच सोयीचे. पण तिसऱ्या पाड्याचे काय? त्यांना १८ किलोमीटर यावे लागते. तासाला चार किलोमीटर धरले तरी साडेचार तास. झोळीत माणूस असेल तर आणखी जास्त. दवाखाना पहिल्या पाड्यावर नेला, तर त्यांचे अंतर १२ होते, आणि सर्वांची सरासरी चाल केवळ दीड किलोमीटरने वाढते.

आता तिसरा मार्ग पाहा. मोठ्या गावात दवाखाना ठेवा, आणि दुसऱ्या पाड्यावर एक लहान उपकेंद्र द्या. जो तो जवळच्या ठिकाणी जाईल. बेरीज फक्त ४,४०० येते, आणि कोणालाही ८ किलोमीटरपेक्षा जास्त जावे लागत नाही!

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. नुसती बेरीज पाहिली, तर मोठे गाव नेहमी जिंकते आणि लांबचा गरीब हरतो. म्हणून शेवटच्या घराचे अंतरही वेगळे पाहावे. दुसरे, एका मोठ्या इमारतीपेक्षा दोन ठिकाणी वाटलेली सेवा पुष्कळदा जास्त उपयोगी. गरोदर बाईची तपासणी, लसीकरण, ताप, जुलाब हे लहान केंद्रात व्हावे. शस्त्रक्रिया व रक्त देण्याची सोय मोठ्या ठिकाणीच शक्य आहे. त्या दोन्हींमध्ये गाडीची सोय हवी. गुजरातेत २००७ पासून १०८ क्रमांकाची गाडी आहे. हा क्रमांक घरातील प्रत्येकाला पाठ असावा.

सरकारी नियमही विखुरलेल्या वस्तीची दखल घेतो. सपाट प्रदेशात ५,००० लोकांना एक उपकेंद्र व ३०,००० लोकांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगराळ व आदिवासी भागात तेच ३,००० व २०,००० लोकांना. पण हा नियम डोकी मोजतो, वाटा मोजत नाही. वाटा गावानेच दाखवाव्या लागतात.

जे मोजणीत येत नाहीत

दिवाळीनंतर नंदुरबार, धुळे, नाशिक व डांगकडून ऊसतोड टोळ्या आपल्या जिल्ह्यात येतात. कारखान्यांच्या उसावर त्यांचे कोयते चालतात. राहणे शेताच्या कडेला पडावावर. त्यांत गरोदर बाया असतात, तान्ही मुले असतात. त्यांचे नाव गावी, पोट इथे. जनगणनेत ते इथले नाहीत, म्हणून वरच्या गणितात त्यांची बेरीज शून्य. त्यांच्यासाठी इमारत सरकवता येणार नाही. पण ठरलेल्या वारी नर्सबाई पडावावर जाऊ शकतात. मुकादमाला सांगून गरोदर बायांची यादी करावी, आणि त्यांचे ममता कार्ड सोबत ठेवण्यास सांगावे.

जवळचा दाखला

आपल्या उत्तरेस भरूच जिल्ह्यातील झगडिया येथे १९८० साली डॉ. अनिल व डॉ. लता देसाई यांनी सेवा रूरलचे काम सुरू केले. रुग्णालय झगडियात, आणि त्याला जोडून खेड्यापाड्यांत आरोग्यसेविकांचे काम. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच बायांना शिकवून तयार केले. सेवा लोकांच्या दारापर्यंत गेली, की अंतर निम्मे होते.

जागा ठरवताना पाहावे

१. बारमाही रस्ता आणि बसचा थांबा जवळ आहे काय?
२. आठवड्याचा बाजार कोठे भरतो? लोक तेथे जातातच.
३. पाणी, वीज आणि नर्सबाईंना राहण्यास सुरक्षित शेजार आहे काय?
४. जागा पुराच्या वर आहे काय? ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने सुरत शहराचा बहुतेक भाग बुडाला होता, हे विसरू नये.
५. दानाची जागा अयोग्य असेल, तर दात्याचे आभार मानून तेथे दुसरे काही करावे.

दयाळू शोमरोनी आपल्याला ठाऊक आहे. त्याने जखमी माणसाला उचलून सराईत नेले. ती सराई वाटेवर होती, म्हणून त्याची दया फळाला आली. आपली सराई कोणाच्या वाटेवर असावी, हे आपण ठरवायचे आहे.

चर्चेसाठी: आपल्या धर्मग्रामातील सर्वांत लांबचे घर कोणते? तेथील अडलेल्या बाईला पावसाळ्याच्या रात्री दवाखान्यात पोहोचण्यास किती वेळ लागेल? पुढील ग्रामसभेत हा प्रश्न कोण मांडील?