वरचे 10 लाख रीड घेऊ नका

माणसाच्या जिनोमचा डेटा होता, 30 पट खोलीने वाचलेला. म्हणजे 150 अक्षरी रीडच्या सुमारे 31 कोटी जोड्या. चाचणीपुरते थोडे हवे होते, म्हणून दोन्ही फास्टक्यू फाइलींचे वरचे 10 लाख रीड कापून घेतले. गुणवत्ता इतकी वाईट दिसली की सिक्वेन्सिंग पुन्हा करावं असं आम्ही जवळजवळ ठरवलं होतं. डीएनए मात्र फारसा उरला नव्हता.

इल्युमिनाच्या फाइलीत रीड फ्लोसेलवरच्या टाइलींच्या क्रमाने येतात. सुरुवातीच्या टाइली टोकाकडच्या, आणि तिथलं वाचन पुष्कळदा कच्चं असतं. शितावरून भाताची परीक्षा करावी, पण शीत करपलेल्या कडेचं घेऊन कसं चालेल?

मग मी स्वतः स्क्रिप्ट लिहिली आणि दुसरी चूक केली. दोन्ही फाइलींतून वेगवेगळ्या सीडने रीड निवडले. एकेकटे रीड जिनोमवर छान बसत होते, पण जोडी म्हणून जुळणारं जवळजवळ काहीच नव्हतं. बीडब्ल्यूए मेम असता तर नावं जुळत नाहीत म्हणून थांबला असता. माझा अलाइनर थांबला नाही. चार दिवस मी दोष डीएनएत शोधत राहिलो.

सगळी फाइल मेमरीत भरायची गरज नसते. रिझर्व्हॉयर सॅम्पलिंगमध्ये पहिले 10 लाख रीड ठेवायचे. पुढचा प्रत्येक रीड, 10 लाखांना त्याच्या क्रमांकाने भागून येईल तेवढ्या शक्यतेने आत घ्यायचा आणि आतला कुठलाही एक बाहेर काढायचा. एकूण रीड किती, हे आधी ठाऊक नसलं तरी एका फेरीत काम होतं आणि प्रत्येक रीडला सारखीच संधी मिळते. सेक्टीके हेच करतं. दोन्ही फाइलींना एकच सीड द्या, जोड्या शाबूत राहतात. मात्र दोन्ही फाइलींतला क्रम आधी तपासा.

बॅम फाइलीचा वरचा तुकडा तर कधीच घेऊ नका. ती जागेनुसार लावलेली असेल, तर पहिल्या गुणसूत्राची सुरुवातच हाती येते. सॅमटूल्स रीडच्या नावावरून निवड करतं, म्हणून जोडी एकत्र राहते. पण आधीच उणावलेली फाइल त्याच सीडने पुन्हा उणावलीत, तर अपेक्षेपेक्षा जास्त रीड उरतात. दुसऱ्या वेळी सीड बदला, आणि दोन्ही सीड नोंदवहीत लिहून ठेवा.