हिवरा आश्रमला पाहुण्याची गाडी रात्रीतून चार्ज करायची कृती

विवेकानंद जयंती महोत्सवाला कुणी नातेवाईक विजेवरची कार घेऊन येणार असेल, तर पुरी-भाजीच्या महाप्रसादाइतकीच त्याच्या गाडीच्या विजेचीही काळजी घ्या. समृद्धी महामार्गावर १२०च्या वेगाने आलेल्या गाडीची बॅटरी हिवरा आश्रमसाठी मेहकरला उतरेपर्यंत बरीच खाली आलेली असते. गाडीसोबतचा छोटा चार्जर १६ अँपिअरच्या, म्हणजे गिझरच्या सॉकेटवर चालतो.

आधी अर्थिंग तपासून घ्या. कितीतरी घरांत तिसऱ्या पिनमागे वायरच नसते. टीव्ही, पंखा चालतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. गाडीचा चार्जर मात्र लाल दिवा दाखवून थांबतो. तो दिवा जावा म्हणून न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्येच जोडून देतो, असं कुणी म्हणालं तर साफ नाही म्हणा. पुढे न्यूट्रल तुटली की गाडीच्या पत्र्यातच वीज उतरते आणि अंगणात पोरं खेळत असतात. जाणत्या वायरमनकडून खड्डा घेऊन अर्थिंग करून घ्या. कोळसा-मिठाचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता; जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं.

मीटरपासून सॉकेटपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर, एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवा. चार्जर साधारण ३ किलोवॅट ओढतो. महावितरणच्या बिलावरचा मंजूर भार तेवढा आहे का, ते बघा. शेतीपंपाच्या जोडणीवरून गाडी लावू नका.

रात्री जेवणं आटोपली, गावातला विजेचा वापर कमी झाला की चार्जिंग सुरू करा. आधी प्लग भिंतीत, मग चार्जरची गन गाडीत. एक्स्टेन्शन बोर्ड नको. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. चटका बसण्याइतका तापला असेल तर बंद करून सॉकेट बदला. ३० युनिटची बॅटरी २० टक्क्यांवरून ८०वर न्यायला १८ युनिट लागतात, म्हणजे सहा तासांहून थोडं जास्त. सकाळी आधी चार्जिंग थांबवा, गन काढा, प्लग शेवटी.

रात्रभर थांबणं शक्य नसेल, तर जलद चार्जर गाठावा लागेल. निघण्याआधी चार्जिंगच्या ॲपमध्ये तो चालू आहे का आणि त्याला सीसीएस-२ गन आहे का, ते बघा. ८० टक्के झाले की गाडी बाजूला घ्या. पुढे वेग मंदावतो आणि मागचा ताटकळतो.