चंदीगडचा परिसर आणि मुल्लानपूर

चंदीगडच्या सेक्टरांविषयी विपुल लिहिले गेले आहे. सेक्टर जेथे संपतात तेथे काय असावे, हा प्रश्न मात्र क्वचितच चर्चिला जातो. त्याचे उत्तर १९५२ च्या परिसर नियंत्रण कायद्याने दिले होते. शहराच्या सीमेबाहेर ८ किलोमीटरपर्यंत परवानगीवाचून बांधकाम करण्यास व शेतजमीन अन्य कामी लावण्यास त्याने बंदी घातली. १९६२ मध्ये ही मर्यादा १६ किलोमीटर झाली. भोवतालच्या गावांनी शहराला दूध व भाजीपाला पुरवावा आणि शहर शिवारापाशीच थांबावे, असा त्यामागील विचार. शहराच्या दृष्टीने तो शहाणपणाचाच होता. परंतु त्याची किंमत ज्याने मोजावयाची, त्या शेतकऱ्याला त्यात स्थान नव्हते. गावठाणात घर बांधावयास मोकळीक होती. पण कुटुंबे वाढत गेली, गावठाण तेवढेच राहिले.

शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याचे मुल्लानपूर गरीबदास हे या पट्ट्यातील एक गाव. १९६६ च्या पुनर्रचनेत चंदीगड केंद्रशासित झाले आणि भोवतालचा परिसर पंजाब, हरियाणा व केंद्र यांच्यात वाटला गेला. मुल्लानपूर पंजाबकडे राहिले. पुढे पंजाबने मोहाली व हरियाणाने पंचकुला ही नगरे याच पट्ट्यात वसविली. गावकऱ्याच्या वाढीव खोलीला हरकत घेणारा हरितपट्टा मोठ्या प्रमाणावर मोडला तो शासनांनीच, हे विसरता येत नाही.

ग्रेटर मोहाली क्षेत्र विकास प्राधिकरण २००६ मध्ये स्थापन झाले. त्याच्या आखणीनुसार मुल्लानपूरच्या शेतांवर ‘नवे चंदीगड’ उभे राहू लागले. येथील ‘इको सिटी’ वसाहतीसाठी जमीनमालकांना रोख मोबदल्याऐवजी विकसित भूखंड घेण्याची मुभा देण्यात आली. नवी मुंबईतील साडेबारा टक्क्यांची योजना ज्यांना परिचित आहे, त्यांना ही पद्धत नवखी वाटणार नाही. तिचा गुण असा की, वाढत्या किमतीत मूळ मालकाला वाटा मिळतो. दोष असा की, ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्या शेतमजुराचा तीत विचार नसतो. शिवार गेले की त्याचे कामही जाते.

२०२२ मध्ये मुल्लानपूरला टाटा स्मारक केंद्राचे होमी भाभा कर्करोग रुग्णालय सुरू झाले. २०२४ मध्ये येथील नव्या क्रिकेट मैदानावर आयपीएलचे सामने झाले. १९५२ चा कायदा ज्या भूमीला शेती म्हणून राखू पाहत होता, तीच ही भूमी.