एकनाथांचा हिंदू-तुर्क संवाद

उर्दूत आपण ज्याला 'मुकालमा' म्हणतो, त्याला मराठीत 'संवाद' म्हणतात. आज एका जुन्या मराठी संवादाची ओळख करून घेऊ. तो ऐकताना तुम्हाला मध्येच आपली बोली कानावर आल्यासारखे वाटेल.

गोदावरी नदीच्या काठी पैठण हे प्राचीन गाव आहे. तेथे सोळाव्या शतकात संत एकनाथ राहत होते. ते मोठे विद्वान होते. पण साध्या माणसांना समजावे म्हणून त्यांनी भारुडे रचली. भारूड म्हणजे सोंग घेऊन, गाऊन सादर करायचे गीत. त्या काळी दख्खनमध्ये सुलतानांचे राज्य होते. बाजारात आणि कचेरीत मराठी, फारसी व दखनी या भाषा एकमेकींत मिसळत होत्या. म्हणून एकनाथांच्या भारुडांत फकीर येतो, दरवेश येतो. एका भारुडाचे तर नावच 'अर्जदस्त' आहे!

'हिंदू-तुर्क संवाद' हे त्यांचेच भारूड. त्या काळी मुसलमानाला 'तुर्क' म्हणत. दोघे समोरासमोर येतात आणि लगेच ठिणगी पडते. तुर्क हिंदूला काफर म्हणतो. हिंदू विटाळाच्या भीतीने त्याला दूर सरायला सांगतो. विटाळ म्हणजे स्पर्शाने अपवित्र होणे. पुढे भांडण वाढत जाते. तुर्क विचारतो, दगडाला देव कसे मानता? हिंदू म्हणतो, देव सगळीकडे आहे, मग दगडात का नसेल? आणि तो उलट विचारतो, देव सगळीकडे असताना तुम्ही पश्चिमेकडेच तोंड का करता? बोलणे कडक आहे. काही शब्द आज आपल्याला आवडणारही नाहीत.

पण एक गोष्ट नीट पाहा. हे भारूड रचणारा कवी हिंदू संत आहे. त्याला हवे असते, तर त्याने तुर्काला मूर्ख दाखवले असते आणि लोक हसले असते. एकनाथांनी तसे केले नाही. त्यांचा तुर्क हुशार आहे. त्याचे प्रश्न असे आहेत की हिंदूला विचार करून उत्तर द्यावे लागते. दुसऱ्याचे म्हणणे इतक्या जोरदारपणे मांडायचे, तर आधी ते मन लावून ऐकावे लागते. मला या भारुडात सर्वांत मोलाचे वाटते ते हेच.

दुसरी गोष्ट भाषेची. हिंदू मराठीत बोलतो, तुर्क दखनी वळणाने बोलतो. मध्ये कोणी दुभाषी नाही. तरी दोघांना एकमेकांचे सगळे कळते, म्हणून तर दोघांना रागही येतो!

शेवटी दोघांच्या लक्षात येते की देवाजवळ हा भेद नाही. ते एकमेकांना नमस्कार करतात आणि गळ्यात गळा घालतात. हा शेवट जरा घाईने येतो, हे खरे. मात्र तोपर्यंत कोणीही उठून गेलेला नसतो.

मराठी शाळेतल्या मुलांना यातले तुर्काचे बोलणे अवघड जाते. तुम्हाला हिंदूचे बोलणे अवघड जाईल. शेजारी मराठी शाळेत जाणारा एखादा दोस्त असेल, तर त्याच्याबरोबर हे भारूड मोठ्याने वाचा. आधी तुम्ही तुर्क व्हा, तो हिंदू होईल. मग भूमिका बदला.