भिंतीआडचा संसार

मतदानाचा दिवस आहे असें समजा. मनुष्य मतदानाच्या खोलींत जातो. त्याच्या हातीं छापील कागद मिळतो. कागदावर नांवें आहेत, पण त्यांतून निवडण्यासारखें कांहीं नाहीं. यादी एकच आहे. कागदाची घडी घालावयाची, तो पेटींत टाकावयाचा आणि घरीं जावयाचें. कोपऱ्यांत एक आडोसा केलेला आहे. त्याच्या मागें जाऊन यादीवर काट मारण्यास कायद्याची मनाई नाहीं. परंतु तेथवर जावयाचें तर सर्वांच्या देखत खोली ओलांडावी लागते, आणि कोण गेला हें टिपून घेतलें जातें. म्हणून बहुतेक लोक घडी घालीत आणि घरीं जात. पूर्व जर्मनींत ह्या क्रियेला लोक आपसांत 'घडी घालावयास जाणें' असेंच म्हणत.

ह्या लेखांत त्या देशांतील साध्या माणसांच्या संसाराचा अभ्यास करावयाचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे दोन भाग झाले. पूर्वेकडील भाग रशियाच्या सैन्याच्या ताब्यांत होता. तेथें ७ ऑक्टोबर १९४९ रोजीं 'जर्मन लोकशाही प्रजासत्ताक' स्थापन झालें, आणि ३ ऑक्टोबर १९९० रोजीं तें पश्चिम जर्मनींत विलीन होऊन संपलें. नांवांत लोकशाही होती, पण सत्ता एकाच पक्षाच्या हातीं होती. आणि तो पक्ष केवळ कर व कायदा ह्यांवर संतुष्ट नव्हता. मुलानें काय मानावें, तरुणानें कोठें जावें, म्हातारीनें कोणास काय लिहावें, ह्या सर्वांत त्याला हात घालावयाचा होता. अशा सत्तेस सर्वंकष सत्ता म्हणतात. तिच्याखालींहि मनुष्य उठतो, जेवतो, कामावर जातो, लग्न करतो, लेंकरें वाढवितो. मग तिचें ओझें त्याला नेमकें कोठें लागतें? हा आपला प्रश्न आहे.

१. भाकर स्वस्त, वाट बंद

न्यायानें बोलावयाचें तर त्या राज्यानें पुष्कळ दिलें, हें प्रथम सांगितलें पाहिजे. कामधंदा नाहीं असा मनुष्य क्वचितच आढळे. घरभाडें अगदीं थोडें होतें. भाकरीचा भाव सरकारनें इतका खालीं धरला होता कीं कांहीं लोक आपल्या डुकरांना व सशांनाहि भाकरीच घालीत. आया कामावर जात, आणि त्यांच्या मुलांची सोय बालवाडींत होई. परंतु राहण्यास घर मिळावें म्हणून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. ट्राबांट नांवाच्या लहानशा मोटारीसाठीं आज नांव नोंदविलें तर ती दारांत येण्यास दहा वर्षांहूनहि अधिक काळ लागे. १९७७ सालीं जगांत कॉफी महागली, तेव्हां सरकारनें अर्ध्या कॉफींत भाजलेलें धान्य वगैरे मिसळून ती विकावयास काढली. लोकांनीं इतकी कुरकुर केली कीं ती मागें घ्यावी लागली.

पण पोटापेक्षां वाटेचें दुःख मोठें होतें. १९६१ पर्यंत पंचवीस लाखांहून अधिक लोक तें राज्य सोडून पश्चिमेकडे निघून गेले होते. मग १३ ऑगस्ट १९६१ च्या रात्रीं बर्लिन शहराच्या मधोमध कांटेरी तार ताणण्यांत आली, आणि पुढें तिच्या जागीं भिंत उभी राहिली. आई ह्या बाजूस आणि लेंक त्या बाजूस, अशीं घरें फुटलीं. त्या भिंतीपाशीं किमान १४० माणसें प्राणांस मुकलीं. १९६४ पासून वृद्ध झालेल्या लोकांना पश्चिमेकडील नातलगांस भेटावयास जाण्याची परवानगी मिळूं लागली. काम करून थकलेला मनुष्य परत आला नाहीं तरी राज्याचें फारसें नुकसान होणार नव्हतें! मनुष्याची किंमत तेथें कशावरून ठरे, हें एवढ्यावरूनच कळतें.

२. मुलाच्या दोन जिभा

घरांत संध्याकाळीं पश्चिमेकडील वार्ता ऐकावयाच्या, आणि सकाळीं शाळेंत त्याविषयीं अवाक्षर काढावयाचें नाहीं, हा धडा लेंकरूं लहानपणींच शिके. त्याला कोणी शिकविलें? बहुधा आईबापांनींच. त्यांचा हेतु वाईट नव्हता. मुलाचें पुढें बरें व्हावें एवढीच त्यांची इच्छा. परंतु त्यामुळें घरासाठीं एक जीभ आणि जगासाठीं दुसरी, अशा दोन जिभा घेऊन मूल वाढे.

आपल्यासारख्या मंडळ्यांना ह्याची झळ विशेष लागली. बाप्तिस्मा झालेलें मूल वयांत येतांना सर्वांपुढें स्वतःच्या तोंडानें विश्वास पत्करतें, त्या विधीस आपण दृढीकरण म्हणतों. सरकारनें १९५४ सालीं त्याच्यासमोर आपला 'युवकदीक्षा' नांवाचा समारंभ उभा करावयाचें ठरविलें. चौदा वर्षांच्या मुलामुलींनीं व्यासपीठावर जाऊन समाजवादी राज्याशीं निष्ठेची प्रतिज्ञा करावी, असा तो प्रकार होता. दीक्षा सक्तीची नव्हती. पण जो ती घेणार नाहीं त्याला वरच्या शाळेची व विद्यापीठाची दारें बहुधा बंद होत. आरंभीं पाळकांनीं सांगितलें कीं दोहोंपैकीं एक निवडा. थोड्याच वर्षांत बहुतेक आईबाप नमले, आणि मग मंडळीसहि आपला आग्रह सैल करावा लागला. राज्य स्थापन झालें तेव्हां पांच माणसांत सुमारें चार प्रोटेस्टंट होतीं. अखेरीस चारांत सुमारें एक उरलें. मंदिरें जाळलीं नव्हतीं. केवळ मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न घातला होता.

तरी सर्वच घरें सारख्या रीतीनें वागलीं नाहींत. २००५ पासून २०२१ पर्यंत जर्मनीच्या प्रधानमंत्री असलेल्या आंगेला मेर्केल ह्या पूर्वेकडील एका पाळकाची कन्या. त्यांनीं युवकदीक्षा घेतली नाहीं, दृढीकरण घेतलें. पण सरकारी युवक संघटनेच्या त्या सभासद होत्या. एकाच आयुष्यांत नकारहि आहे आणि तडजोडहि आहे. बहुतेकांचें असेंच होतें.

३. साठांतील एक

८ फेब्रुवारी १९५० रोजीं राज्यसुरक्षेचें एक स्वतंत्र खातें निर्माण झालें. लोक त्याला श्टाझी म्हणत. १९८९ सालीं त्याचे सुमारें ९१,००० पगारी नोकर होते, आणि त्यांशिवाय सुमारें १,८९,००० गुप्त बातमीदार होते. देशाची वस्ती एक कोटि साठ लाखांच्या वर. म्हणजे दर साठ माणसांमागें जवळजवळ एक. साठ माणसें म्हणजे खेड्यांतील एक लहानशी मंडळी. रविवारीं उपासनेस बसलेल्यांतील एक जण तुमचें बोलणें लिहून पाठवितो, आणि तो कोण हें तुम्हांस ठाऊक नाहीं, असें मनांत आणा. म्हणजे त्या लोकांच्या जिवाची स्थिति समजेल.

ह्या खात्यांत वाफेनें पत्रें उघडून पुन्हां चिकटविण्यासाठीं वेगळी शाखा होती. १९७६ च्या जानेवारींत खात्यानें एक लेखी नियमच केला. ज्यांना तुरुंगांत घातल्यास जगांत बोभाटा होईल, त्यांना तुरुंगांत न घालतां त्यांचें नांव बद्दू करावें, कामांत अपयश येईल असें करावें, मित्रामित्रांत संशय पेरावा. मारहाण नाहीं, रक्त नाहीं. मनुष्य आंतून पोखरला जाई, आणि आपल्यावर हें कोण आणतें हेंहि त्याला उमगत नसे.

४. उघड बोलण्याचें बळ

परंतु ह्या खात्याचें एक मर्म होतें, आणि तें साध्या माणसांना सांपडलें. त्याचा मनुष्य एखाद्याला गांठून म्हणे, "आपलें हें बोलणें कोणास कळतां कामा नये." तेव्हां पुष्कळ पाळक आपल्या लोकांना सांगत कीं असें झालें तर मोठें शौर्य दाखवूं नका, वाद घालूं नका, फक्त आपल्या मित्रांना व पाळकाला ती गोष्ट सांगून टाका, आणि मीं सांगितली आहे असें त्या मनुष्यास कळवा. ज्याचें गुपित फुटलें तो बातमीदार म्हणून निरुपयोगी. त्याला बहुधा सोडून देत. एक वाक्य उघड बोलल्यानें माणूस जाळ्यांतून सुटत असे.

हेंच पुढें मोठ्या प्रमाणावर घडलें. ७ मे १९८९ रोजीं स्थानिक निवडणूक झाली. ह्या खेपेस अनेक ठिकाणीं साधे नागरिक, त्यांत मंडळ्यांतील तरुण पुष्कळ, मतमोजणीच्या खोलींत जाऊन बसले. तें कायद्यानें मोकळें होतें, परंतु पूर्वीं सहसा कोणी जात नसे. त्यांनीं विरोधी मतें मोजलीं व आंकडे एकत्र केले. सरकारनें जाहीर केलें कीं ९८.८५ टक्के मतें अनुकूल पडलीं. तेव्हां त्यांनीं आपले आंकडे पुढें ठेविले, आणि खोटेपणा उघड झाला.

लाइप्झिग शहरांतील संत निकोलस मंदिरांत १९८२ पासून दर सोमवारीं सायंकाळीं पांच वाजतां शांतीसाठीं प्रार्थना होई. कित्येकदां मोजकींच माणसें येत. पाळक क्रिस्तियान फ्यूरर ह्यांनीं दार सर्वांना उघडें ठेविलें. विश्वास न धरणारेहि आंत येऊन बसत. ९ ऑक्टोबर १९८९ च्या सोमवारीं शहरांत सैनिक व पोलीस सज्ज होते, आणि गोळीबार होणार अशी सर्वत्र वदंता होती. मंदिरांतील बाकें अडविण्यासाठीं पक्षाचीं शेंकडों माणसें दुपारींच आंत पाठविलीं होतीं. तींहि प्रार्थना ऐकत बसलीं. मग लोक बाहेर पडले. सुमारें सत्तर हजार माणसें हातांत मेणबत्त्या घेऊन चाललीं. मेणबत्ती वाऱ्यांत जपावयाची तर दोन्ही हात गुंततात. दगड उचलावयास हात उरत नाहीं. एकहि गोळी सुटली नाहीं. एका महिन्यानें, ९ नोव्हेंबर रोजीं, बर्लिनची भिंत खुली झाली.

५. पोत्यांतील कागद

४ डिसेंबर १९८९ रोजीं एर्फुर्ट शहरांतील श्टाझीच्या कचेरीच्या धुराड्यांतून धूर निघतांना लोकांनीं पाहिला. दप्तर जाळीत आहेत हें ओळखून प्रथम कांहीं स्त्रिया पुढें झाल्या, आणि नागरिकांनीं ती कचेरी ताब्यांत घेतली. असेंच इतर शहरांत झालें. जें वांचलें तें एकापुढें एक मांडलें तर सुमारें १११ किलोमीटर भरतें. फाडलेल्या कागदांचीं सुमारें सोळा हजार पोतीं निराळींच सांपडलीं. ह्या दप्तराचे पहिले प्रमुख योआखिम गाउक हेहि पूर्वेकडील एक पाळक होते. पुढें ते जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष झाले.

जानेवारी १९९२ पासून ज्याची फाइल त्याला वाचावयास मिळूं लागली. कोणास आपला मित्र सांपडला, कोणास आपला सहकारी. एका स्त्रीला कळलें कीं आपल्याविषयीं लिहून पाठविणारा स्वतःचा नवराच होता. कांहीं पाळकांचीं नांवेंहि निघालीं, हें आपण लपवूं नये. पण त्याच कागदांत दुसरेंहि सांपडलें: अमक्याला विचारलें, त्यानें नकार दिला, अशा नोंदी. ज्यांचें धैर्य कोणासहि ठाऊक नव्हतें, त्यांची साक्ष त्यांच्या शत्रूनेंच लिहून ठेविली होती.

वाचकहो, दुरून न्याय करणें सोपें आहे. मुलाच्या शाळेसाठीं घडी घालून घरीं गेलेल्या बापास दगड मारण्यापूर्वीं आपण त्याच्या जागीं उभे राहून पाहूं. तरी एवढें खरें कीं तें राज्य केवळ सैनिकांवर उभें नव्हतें. लाखों माणसांच्या रोजच्या लहान गप्प बसण्यावर तें उभें होतें; आणि थोड्या माणसांच्या लहानशा उघड बोलण्यानें त्याला पहिला तडा गेला.

मंडळींत विचार करण्यासाठीं प्रश्न

१. मुलाचें शिक्षण आणि स्वतःचें खरें बोलणें ह्यांत निवड करावयाची वेळ आली, तर आईबापांनीं काय करावें? मुलाला तें कसें समजावून सांगावें?

२. "हें कोणास सांगूं नको" असें कोणी म्हटल्यावर विश्वासूपणा कोठें संपतो व भीति कोठें सुरू होते?

३. आपली फाइल वाचून ज्याला आपल्या शेजाऱ्याचें नांव सांपडलें, त्यानें दुसऱ्या दिवशीं त्या शेजाऱ्याशीं काय बोलावें?

४. भिंत नसतांहि आपल्या गांवांत, सभेंत किंवा घरांत आपण केव्हां नुसती घडी घालून घरीं येतों?